सगळ्यांचं उत्तर बरोबर

मंगळवारी सकाळी अकरा वाजता नागपूरच्या संशोधन निवड मंडळाच्या सभागृहात भारताच्या नव्या विजेरीची घोषणा झाली, आणि अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ती शिळी झाली.

विजेरी चांगली होती. समुद्राच्या मिठापासून बनलेली, वीज साठवून ठेवणारी, पेट न घेणारी, वीस वर्षे टिकणारी. तिच्यामागे सात वर्षांचे काम होते. बुटीबोरीला तिच्यासाठी कारखाना उभा राहिला होता आणि बाराशे माणसांना नेमणुकीची पत्रे गेली होती. मंडळाच्या सदस्य-सचिव डॉ. शकुंतला डहाके व्यासपीठावरून हे सगळे सांगत असतानाच पुढच्या रांगेतल्या एका पत्रकार बाईंनी मनगटावरच्या पडद्याकडे पाहिले आणि हात वर केला.

"मॅडम, कोरियानं आत्ताच अशीच विजेरी जाहीर केली. ब्राझीलनंही. आपल्या विजेरीत वेगळं काय आहे?"

शकुंतलाबाईंनी शेजारच्या तंत्रज्ञाकडे पाहिले. तो मान खाली घालून आपला पडदा चाळत होता. दुपारपर्यंत तशीच विजेरी जाहीर करणाऱ्या देशांची संख्या नऊ झाली. रसायन तेच, आयुष्य तेच, किंमतही जवळपास तीच.

दोन वर्षांतली ही तिसरी वेळ होती. आधी हवेतली वाफ शोषून पाणी देणारे पत्रे झाले, मग उसाच्या पाचटापासून बनवलेले वाहनांचे सुटे भाग. प्रत्येक वेळी आपण सर्वांच्या पुढे आहोत असे वाटले, आणि प्रत्येक वेळी डोके वर करून पाहिले तर सगळे एकाच रेषेवर उभे. तिसऱ्या खेपेला शकुंतलाबाईंना रागही आला नाही. भाषण संपवून त्या आपल्या खोलीत गेल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. मुळात धातुशास्त्राच्या अभ्यासक. पण गेली अकरा वर्षे त्यांनी प्रयोगशाळेत हात काळे केले नव्हते. अकरा वर्षे त्या सह्या करत होत्या, आणि त्यातल्या बहुतेक सह्या नकाराच्या पत्रांवर होत्या.

संध्याकाळी दिल्लीहून विभागाचे सचिव रणदिवे यांचा फोन आला. रणदिवे आवाज चढवत नसत.

"डहाके मॅडम, आपल्या यंत्रणेचा अंदाज चुकला का?"

"नाही सर. विजेरी चालते. अंदाज बरोबरच निघाला."

"मग कारखाना का चालणार नाही?"

"मला माहीत नाही."

"महिन्याभरात माहीत करून घ्या," ते म्हणाले. "बाराशे लोकांना काय सांगायचं ते मला ठरवायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलाबाई तिसऱ्या मजल्यावर डॉ. जयराम निमकरांकडे गेल्या. ज्या यंत्रणेवर मंडळ चालत होते, तिची भारतातली घडण निमकरांनी केली होती. तिचे नाव पूर्वमापी. गेल्या शंभर वर्षांतले शोधनिबंध, एकस्वे म्हणजे पेटंटे, बाजारातली यशापयशे, कोणता प्रयोग कुठे फसला याच्या नोंदी, हे सगळे तिने वाचलेले होते. नवा प्रस्ताव पुढे ठेवला की हे संशोधन दहा वर्षांत देशाला फळ देण्याची शक्यता शंभरात किती, ते ती सांगे. त्या आकड्याला यशांक म्हणत. साठच्या वर यशांक असला की मंजुरी, खाली असला की नकार. आणि ती सहसा चुकत नसे.

अर्थात एवढे वाचन एका देशाच्या जिवावर झालेले नव्हते. एकेचाळीस देशांनी त्यासाठी करार केला होता. प्रत्येकाने आपल्याकडे आलेला प्रत्येक प्रस्ताव, मंजूर असो वा नामंजूर, सामायिक प्रस्तावकोशात टाकायचा. त्या बदल्यात प्रत्येकाला पूर्वमापी वापरायला मिळायची. कोशातला कोणताही प्रस्ताव कोणत्याही देशाने उचलावा, संशोधकाला बोलावून घ्यावे, अशीही सोय करारात होती. पण दुसऱ्यांनी नाकारलेले कोण उचलणार? ती सोय आजवर कोणीच वापरली नव्हती.

निमकरांनी खुर्ची पुढे सरकवली. "रात्रभर झोप नाही ना?"

"झोप लागली. उठावंसं वाटत नव्हतं, एवढंच," शकुंतलाबाई म्हणाल्या. "निमकर, सरळ सांगा. कोणी आपली माहिती चोरतंय का?"

"चोरायची गरजच काय? डहाकेबाई, एका वर्गात एकेचाळीस मुलं आहेत. सगळ्यांना गणित तेच, सगळ्यांकडे पुस्तक तेच, आणि सगळ्यांना शिकवणारे मास्तरही तेच. उत्तरं काय येणार?"

"एकसारखी."

"एकसारखी आणि बरोबर! हीच तर गोची आहे. यंत्र चुकत असतं तर प्रत्येकाकडे वेगवेगळं चुकलं असतं, आणि आपण सगळे वेगवेगळ्या वाटांनी गेलो असतो. ते चुकत नाही. सगळ्यांना सर्वांत चांगली वाट दाखवतं. मग एकेचाळीस देश एकाच वाटेनं चालतात, एकाच दिवशी पोचतात, आणि पोचल्यावर एकमेकांच्या पायावर पाय देतात. स्पर्धेत पुढं जायचं म्हणजे दुसऱ्याजवळ नाही ते आपल्याजवळ असणं. पूर्वमापी आपल्याला तेच देते जे सगळ्यांजवळ असणार आहे."

शकुंतलाबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"पत्र्यांच्या वेळी शंका आली होती. पाचटाच्या वेळी खात्री झाली."

"बोलला नाहीत."

"विचारलं नाहीत," निमकर म्हणाले आणि लगेच ओशाळले. "मी बांधलेली वस्तू आहे ती. बोलायला जीभ रेटली नाही, असं म्हणूया."

उपाय मात्र त्यांनी मनाशी करून ठेवला होता. मंजुरीतला काही भाग यशांकावर न देता सोडतीवर द्यायचा. नाकारलेल्या प्रस्तावांच्या ढिगातून चाळीस चिठ्ठ्या काढायच्या, आणि त्याही संगणकाने नाही, तर किरणोत्सर्गी सोडतयंत्राने. एखादा अणू केव्हा फुटेल हे जगातल्या कोणत्याही यंत्राला आधी सांगता येत नाही. तो फुटला की त्या क्षणाच्या आकड्यावर चिठ्ठी निघेल. सगळ्या देशांचे डोके सारखे चालले तरी अणू सारखे फुटणार नाहीत. मग आपली वाट आपोआप वेगळी होईल.

"चाळीसपैकी पस्तीस तर फुकट जातील," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"अडतीस जातील. पण उरलेली दोन फक्त आपली असतील."

शकुंतलाबाईंनी टेबलावरच्या कागदावर 'चाळीस' लिहिले आणि खोडले. मग म्हणाल्या, "एकोणचाळीस सोडतीनं काढा. एक नाव मी देते."

"कोणाचं?"

"तिरपुडेंचं."

निमकरांना ते नाव पाठ होते. भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. नलिनी तिरपुडे सहा वर्षे दरवर्षी तोच प्रस्ताव पाठवत होत्या. सिमेंट करायचे तर चुनखडी भट्टीत चौदाशे अंशांवर भाजावी लागते, आणि त्या धुराने जगाचे आभाळ काळे केले होते. तळ्यातली शिंपली मात्र तेच काम गार पाण्यात, भट्टीशिवाय करते. आपले घर ती पाण्यात विरघळलेल्या चुन्यापासूनच बांधते. तिच्या अंगातले जे प्रथिन ही किमया करते, ते तिरपुडेबाईंनी वेगळे काढून यीस्टमध्ये वाढवले होते. त्याला त्या बांधप्रथिन म्हणत आणि त्यापासून होणाऱ्या दगडाला गारसिमेंट. तसले प्रयत्न जगात शंभरावर झाले होते आणि सगळे फसले होते. म्हणून यशांक पडायचा शून्य पूर्णांक चार दशांश. सहाही वर्षे तेवढाच.

"का त्यांचंच?" निमकरांनी विचारले.

"मी जाऊन आले होते. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या कामासाठी तिकडं गेले होते तेव्हा."

त्या दिवशी तिरपुडेबाईंनी त्यांना प्रयोगशाळेत नेलेच नव्हते. गावच्या तळ्यावर नेले होते. घाटाच्या दहा पायऱ्या. त्यातली खालून तिसरी पायरी जराशी मोतिया रंगाची. "ही फुटली होती जी, मॅडम," तिरपुडेबाई म्हणाल्या होत्या. "चार वर्षं झाली, मी गारसिमेंट घालून नीट केली. चाळीस दिवस लागले बसायला. तेव्हापासून बाया तिच्यावरच कपडे आपटून राहिल्या." शकुंतलाबाई चपला काढून त्या पायरीवर उभ्या राहिल्या होत्या. शेजारच्या दगडी पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्या होत्या. ही सपाट होती.

"हे प्रस्तावात का लिहिलं नाही, असं मी त्यांना विचारलं," शकुंतलाबाईंनी निमकरांना सांगितले. "त्या म्हणाल्या, काय लिहू? बाया किती आपटतात ते मोजलं नाही मी, आणि न मोजलेलं तुमचं यंत्र वाचत नाही."

निमकरांनी चष्मा पुसला. "बाई, मला पटतंय. पण असं करू नका. आज तुम्ही एक नाव घालाल ते खरंच चांगलं असेल. उद्या रणदिवे पाच घालतील, परवा मंत्री दहा. आणि ते नावं कशाच्या आधारावर ठरवतील? पूर्वमापीला विचारून. सोडतीची सगळी ताकद तिच्यात कोणाचंही डोकं नसण्यात आहे. एक बोट आत गेलं की हात जातो."

त्यांचे म्हणणे खरे होते. अकरा वर्षांत शकुंतलाबाईंनी असे हात पुष्कळ पाहिले होते. वाद घालायची शक्ती त्यांच्यात उरली नव्हती, आणि घालायला मुद्दाही सापडेना. त्यांनी मान हलवली.

महिनाभरात मंजुरी आली आणि सोडत निघाली. सोडतयंत्र शिशाच्या डब्यात होते. टिक असा बारीक आवाज झाला की एक प्रस्ताव पडद्यावर येई. चाळीस आवाज झाले. सत्तावीस प्रस्ताव परदेशी निघाले, कारण कोशात परदेशीच जास्त होते. मुंग्यांच्या वारुळांवरून इमारतीतली हवा खेळती ठेवण्याची कल्पना निघाली. रात्रीचा गारवा साठवून दिवसभर सोडणारी मंगोलियातल्या कोणाची तरी माती निघाली. केळीच्या सोपटाचा दोर निघाला. गारसिमेंट निघाले नाही.

तिरपुडेबाईंना फोन शकुंतलाबाईंनी स्वतः केला.

"नाही निघालं," त्या म्हणाल्या.

"बरं जी." मग थोडे थांबून, "मॅडम, मार्चमध्ये कॉलेज माझी खोली परत घेऊन राहिलं. तिथं परीक्षांचं साहित्य ठेवायचंय त्यांना. शिंपल्या मी तळ्यात सोडून देईन. यीस्टचं मात्र काय करावं, समजून नाही राहिलं."

फोन ठेवल्यावर शकुंतलाबाईंच्या मनात आले की सहा वर्षांत या बाईने एकदाही आवाज चढवलेला नाही, आणि तेच फार जड जाते आहे.

पुढच्या पंधरवड्यात निमकर त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. ते हसत होते, पण हसणे थकलेले होते. "अभिनंदन. एकेचाळीसच्या एकेचाळीस देशांनी सोडत जाहीर केली. जवळपास एकाच आठवड्यात."

"त्यांनाही तेच सुचलं?"

"न सुचून सांगतात कोणाला? अडचण तीच, माहिती तीच, विचार करायची पद्धत तीच. पण हरकत नाही. सोडत सगळ्यांनी काढली तरी चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्यात. पहिल्यांदाच सगळे वेगवेगळ्या दिशांना चाललेत."

ते खरेही होते. आणि त्या वेगवेगळ्या चिठ्ठ्यांपैकी एक उरुग्वेत निघाली होती. त्यांनी भंडाऱ्याला पत्र पाठवले: आपला प्रस्ताव आमच्या सोडतीत निवडला गेला आहे, प्रयोगशाळा आणि पाच वर्षांचा खर्च आम्ही देतो, आपण शिंपल्या आणि यीस्ट घेऊन यावे.

तिरपुडेबाई ते पत्र घेऊन नागपूरला आल्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी. देशातले जिवंत नमुने बाहेर न्यायचे तर मंडळाची परवानगी लागते, आणि ती सही सदस्य-सचिवांची असते.

"जाणार तुम्ही?" शकुंतलाबाईंनी विचारले.

"जायचं मन नाही जी. तिथली भाषा येत नाही, आणि आमच्या आई अंथरुणावर आहेत. बहिणीकडं ठेवावं लागेल त्यांना. पण इथं ठेवून ते मरून जाईल." त्यांनी पत्राची घडी नीट केली. "तुमच्या सोडतीत माझी चिठ्ठी होती ना?"

"होती. मला ती हातानं काढता आली असती," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी काढली नाही."

तिरपुडेबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "पायरीवर उभं राहूनसुद्धा?"

"हो."

मग अर्ज टेबलावर ठेवून त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

अर्ज संगणकात चढल्यावर अर्ध्या तासात रणदिव्यांचा फोन आला.

"मॅडम, तो भंडाऱ्याचा अर्ज रोखा. आम्ही पूर्वमापीला विचारलं. रोखावा, असा स्पष्ट सल्ला आहे."

"सर, त्याच पूर्वमापीनं सहा वर्षं सांगितलं की यात काही नाही."

"यात काही असण्याची शक्यता कमी आहे, हे ती अजूनही म्हणते. पण रोखल्यानं आपलं काही जात नाही. सोडलं आणि चुकून यश आलं, तर ते दुसऱ्याचं होतं. हिशेब साधा आहे."

"संध्याकाळपर्यंत कळवते," त्या म्हणाल्या आणि निमकरांना बोलावून घेतले.

निमकरांनी दोन मिनिटे पडद्यावर बोटे चालवली आणि मग हात मांडीवर ठेवले. "हाच प्रश्न आज छत्तीस देशांनी विचारलाय. आमचा माणूस दुसऱ्याच्या सोडतीत निघाला, सोडू की रोखू? सगळ्यांना एकच उत्तर मिळालं."

"रोखा."

"रोखा."

"म्हणजे आपल्या सोडतीत निघालेले सत्तावीस परदेशी लोकही येणार नाहीत."

"नाही येणार. प्रत्येक देशाच्या दृष्टीनं उत्तर बरोबर आहे. सगळ्यांनी मिळून ते पाळलं की सोडत संपली. मग पुन्हा साठच्या वरचा यशांक, पुन्हा एकाच दिवशी नऊ विजेऱ्या."

"आणि मी एकटीनं सोडलं तर?"

निमकरांनी पडदा बंद केला. "तर आपलं गारसिमेंट गेलं, आणि बदल्यात काही नाही. बाकीचे रोखणारच. बाई, तुम्ही सही केली म्हणून त्या सत्तावीस जणांचे देश सही करणार नाहीत. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"ते मला माहीत आहे."

"मग?"

शकुंतलाबाईंना मोठे काही म्हणायचे नव्हते. "निमकर, मागच्या वेळी तुमचं म्हणणं बरोबर होतं आणि मी ऐकलं. आज रणदिव्यांचं बरोबर आहे. पूर्वमापीचं तर नेहमीच असतं. अकरा वर्षं मी बरोबर उत्तरांवर सह्या करतेय, आणि बाहेर बाकावर ती बाई बसलीये. रोखलं तर ते यीस्ट मार्चमध्ये मोरीत जाईल. मी त्या पायरीवर उभी राहिलेय हो. ती झिजलेली नाही. आणखी एक नाही म्हणायला माझ्यात जोर नाही आता."

"तुम्हाला काढतील."

"काढू देत."

त्यांनी सही केली, शिक्का स्वतः मारला आणि कागद बाहेर नेऊन दिला. तिरपुडेबाईंनी तो दोनदा वाचला. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी शकुंतलाबाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. त्यांची बोटे चुन्याने फाटलेली, खरखरीत होती.

संध्याकाळी रणदिव्यांना त्यांनी स्वतःच कळवले.

"सही तुमच्या अधिकारात बसते, म्हणून रद्द करता येणार नाही," रणदिवे म्हणाले. "पण त्या खुर्चीत आता तुम्हाला ठेवता येणार नाही. राग नाही माझा. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

"समजलं, सर."

पुढच्या दोन आठवड्यांत परदेशांतली उत्तरे एकेक करून येत गेली. मुंग्यांवाल्या संशोधकाला परवानगी नाकारली. केळीच्या दोराला नाकारली. निमकर रोज यादी पाहत आणि काट मारत. सोडतीतून मिळालेले म्हणून जे काही उरले ते तेरा देशी प्रस्ताव, आणि तेही रखडत चालले होते. नवे सदस्य-सचिव आले. पहिल्याच बैठकीत त्यांनी सोडत तूर्त थांबवल्याचे सांगितले. बुटीबोरीच्या कारखान्याला कुलूप लागले. दैनिकांनी लिहिले की एका बाईने भावनेच्या भरात देशाचे नुकसान केले. शकुंतलाबाईंनी ते वाचले. खोटे असे त्यात काही नव्हते.

घरी त्या बागेत कुंड्या हलवत, दुपारी झोपत. पहिले काही दिवस त्यांना फक्त झोप आली. तिसऱ्या महिन्यात उरुग्वेहून तिरपुडेबाईंचा फोन आला. तिथल्या पाण्यात चुना कमी, शिंपल्यांना ते सोसत नव्हते; अर्ध्याअधिक मेल्या. पण यीस्ट तगले होते, आणि हातभर लांबीची एक भिंत एकतीस दिवसांत बसली होती. "इथंही कोणी मानून नाही राहिलं जी," त्या म्हणाल्या. "पण भिंत उभी आहे." आईंबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या की बऱ्या आहेत, असे बहीण सांगते. खरे काय ते बहिणीने त्यांना कळवलेच नव्हते. नंतर कळले की आई त्याच आठवड्यात गेल्या.

चौथ्या महिन्यात एका सकाळी निमकरांचा फोन आला. त्यांचा आवाज निराळाच होता.

"सत्तावीसपैकी सव्वीस नकार आले, तुम्हाला ठाऊक आहे. सत्ताविसावं उत्तर आलंच नव्हतं. आज माणूसच आलाय. मंगोलियाचा. विमानतळावर उभा आहे. मंडळ म्हणतं, सोडत बंद आहे, आमचा संबंध नाही. त्याच्या प्रस्तावाची मंजुरी मात्र तुमच्या सहीची आहे आणि ती कोणी रद्द केलेली नाही. माझा गुडघा धरलाय, मला उठवत नाही. जाता का?"

शकुंतलाबाई गेल्या. आगमन कक्षात एक रुंद चेहऱ्याचा, साठीचा माणूस एका लाकडी पेटीवर बसला होता. त्याचे नाव डॉ. गानबोल्ड. त्याच्या गळ्यात दुभाषी यंत्र अडकवलेले होते. तो बोलला की क्षणभराने त्यातून सपाट मराठी येई.

"ही माती," पेटीवर थाप मारत तो म्हणाला. "आमच्याकडं गारवा साठवून कोणाला काय करायचंय? म्हणून चौदा वर्षं नाकारली. यशांक शून्य पूर्णांक दोन. तुमच्या शहरात उन्हाळा कडक असतो असं वाचलं."

"असतो," शकुंतलाबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला येऊ कसं दिलं? सल्ला तर रोखण्याचा होता. सगळ्या देशांना."

"होता. आमच्या सचिव बाईंनी तरी सही केली. मी विचारलं, का? म्हणाल्या, मी एकदा तुझ्या तंबूत उन्हाळ्यात जेवले होते, मला थंडी वाजली होती." तो थांबला. "त्यांना आता घरी बसवलंय. माझी तिकिटं, कागद, सगळं घरून करून दिलं त्यांनी. म्हणून उशीर झाला."

शकुंतलाबाई त्याच्या शेजारी पेटीच्या टोकाला टेकल्या. एकेचाळीस देश. एकच माहिती, एकच यंत्र, एकच बरोबर उत्तर. सोडतसुद्धा सगळ्यांना एकाच आठवड्यात सुचली. आणि तरी, त्यांना ठाऊक होते तेवढ्यात, आपल्या देशाची सीमा ओलांडून निघालेल्या दोनच गोष्टी होत्या. एक उरुग्वेत आणि एक या पेटीत. त्या दोन्ही अणूंनी निवडल्या असतील, पण सुटल्या होत्या त्या दोन बायकांनी ऐकले नाही म्हणून.

"त्यांनी तुम्हाला एक विचारायला सांगितलंय," गानबोल्ड म्हणाला. "तिकडं पलीकडं, कुठंही, आणखी कोणी सही केली का? त्यांना वाटतं आपण एकट्याच मूर्ख ठरलो."

दुभाषी यंत्राचा बारीक हिरवा दिवा लागून राहिला होता. शकुंतलाबाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग त्या माणसाकडे.

"त्यांना सांगा, एकीनं केली."

"आणि तिला?"

"तिलाही घरी बसवलं."

यंत्राने ते त्याच्या भाषेत सांगितले. गानबोल्ड क्षणभर गंभीर राहिला, आणि मग खदखदून हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. शकुंतलाबाई उठल्या, पेटीची एक बाजू त्यांनी धरली, दुसरी त्याने. माती जड होती. दोघे दर दहा पावलांवर थांबत, श्वास घेत, दाराकडे निघाले.